रविवारची उपासना सोडली तर चर्चच्या पाळकाला आठवडाभर काय काम असतं?

तुमचा हा प्रश्न मला नवा नाही. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वार्षिक सभेत कारभार पाहणाऱ्या एका पंचांनी हाच प्रश्न मला चारचौघांत विचारला होता आणि वर ऐकवलं होतं, "पाळकाच्या हातात पवित्र शास्त्र (बायबल) शोभतं, पकड नाही." मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीचा पाळक आहे. तेव्हा सभेची शिस्त म्हणून गप्प बसलो, इथे सविस्तर लिहितो.

घरभेटी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, मयत, लग्नं, मुलांची रविवारची शब्बाथ शाळा, पंचांच्या बैठका, नवराबायकोचे तंटे, कुणाच्या दाखल्यासाठी तहसीलचे हेलपाटे, आणि यातून वेळ काढून उपदेशाची तयारी. सगळ्यात महत्त्वाच्या घरभेटी. तिथे आमेन म्हटलं की चहा घेऊन उठायचं, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. आमेननंतर बसून राहावं. पाळक आले म्हणून सावरून बसलेली माणसं तेव्हा कुठे सैलावतात. मग दिसतं, की आजी मोरीकडे जाताना भिंत चाचपतात, दिव्याचं बटण खाटेवरून हाताला येत नाही, सुनेचा खांदा सासऱ्यांना उचलून उचलून भरून आलाय.

आमच्याकडचे एक आबा कंपवातानं खाटेला खिळलेले. नजर चांगली, पण हात थरथरतात. स्तोत्रं स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची, दुसऱ्यानं वाचलेलं चालायचं नाही. पुस्तक छातीवर घसरायचं, म्हणून आजी शेजारी बसून दोन्ही हातांनी धरायच्या आणि थकून जायच्या. भंगारवाल्याकडून मी मोटर जळालेला उभा पंखा आणला. पातं, जाळी, मोटर काढून टाकली. खाली जड बूड, मध्ये वरखाली होणारा दांडा, वर मान वाकवणारा सांधा, एवढंच ठेवलं. सांध्यावर प्लायवूडची फळी बसवली आणि खालच्या कडेला पट्टी ठोकली. निजलेल्या माणसाला वाचायचं तर फळी खाली झुकवावी लागते आणि पुस्तक अंगावर पडतं, म्हणून दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबचे पट्टे लावले. शास्त्राची पानं पातळ असतात, चिमट्यानं चुरगळतात. रबर ती दाबून धरतं, पण पान उलटू देतं. पान उलटायला आबांना वेळ लागतो, तरी ते स्वतः उलटतात. आजी त्या वेळात अंगणात जाऊन बसतात.

हे सुतारकाम होतं की पाळकाचं काम? माझ्या मते पाळकाचंच.

लहानपणी आमच्या वस्तीवर पाळक सायकलवर यायचे. पिशवीत शास्त्र, गीतांचं पुस्तक आणि पेचकस. माझ्या आजीच्या कंदिलाची वात वर सरकेना, तेव्हा त्यांनी बर्नर उघडून काजळी खरवडली आणि मला दात असलेलं ते चिमुकलं चाक फिरवून दाखवलं. सुगीबद्दल देवाचे आभार मानायच्या उपकाराच्या सणाला लोक बाजरी, कोंबड्या, भोपळे आणायचे, मग लिलाव व्हायचा. तिथला तराजूही तेच नीट करायचे. त्यांना कुणी असले प्रश्न विचारले नाहीत.

आणि इतिहास बघायचाच तर स्कॉटलंडचे रॉबर्ट स्टर्लिंग बघा. त्यांनी 1816 साली गरम हवेवर चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं. बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता अडवून ठेवायची आणि आत येणाऱ्या हवेला परत द्यायची, ही त्यातली मुख्य युक्ती. तेच स्टर्लिंग 1824 पासून 1878 साली मरेपर्यंत गॅल्स्टनच्या मंडळीचे पाळक होते. यंत्रापायी त्यांनी कळप सोडला नाही. स्कॉटलंडच्याच पॅट्रिक बेल यांनी धर्मशिक्षण घेत असताना 1828 च्या सुमारास कापणीयंत्र केलं आणि पेटंट घेतलं नाही, शेतकऱ्यांना ते खुलं राहावं म्हणून. पुढे तेही पाळक झाले. लांब कशाला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या नगरमध्येच अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या डी. सी. चर्चिल यांनी विणकरांसाठी सुधारित हातमाग बनवला होता.

प्रत्येक पाळकानं हत्यारं घ्यावीत असं नाही. कुणाला गळा असतो, कुणाला लेखणी. उपदेशाची तयारी बुडवून खटपटी करणं चूकच, आणि विजेचं काम वायरमनलाच द्यावं. पण ज्याला हात दिलेत त्यानं ते खिशात घालून प्रार्थनाच करत बसावं, हे मला पटत नाही.

मंडळीच्या अंदाजपत्रकात रंगरंगोटीला, मांडवाला, स्पीकरला रक्कम असते. खाटेवर पडलेल्यांच्या सोयीसाठी मात्र वेगळा रुपया नसतो. ती तरतूद व्हावी असा ठराव मी पुढच्या सभेत लेखी मांडणार आहे, आणि त्या पंचांनीच अनुमोदन द्यावं अशी त्यांना विनंती करणार आहे.