जुन्या काळातले कपडे आणि हॅट आज रोज घातले तर विचित्र दिसतं का?

तुम्ही विचारलंय की १९४०च्या आसपासच्या पद्धतीची पँट, वेस्टकोट आणि हॅट घालून पुण्यात रोज ऑफिसला गेलं तर लोक हसतील का, आणि सुरुवात कुठून करावी.

मी बरीच वर्षं असाच वावरतो. सुरुवातीला ‘आज काय विशेष?’ असं विचारतात, मग तुमचा पोशाख म्हणून सगळ्यांच्या अंगवळणी पडतं. नाटकातलं सोंग वाटतं ते माप चुकलं की. म्हणून हॅटच्या आधी टेलर गाठा.

आजची पँट कमरेच्या हाडावर बसते, तेव्हाची बेंबीपाशी बसायची. टेलरला नुसतं ‘जुनी स्टाइल’ सांगून भागत नाही. आसन (कमरेपासून जांघेपर्यंतची उंची) वाढवून घ्या, पुढे प्लीट्स टाकायला लावा, बॉटम (पायाशी पँटची रुंदी) ९ इंचांच्या खाली आणू देऊ नका. तो दोनदा तरी विचारेल, ‘एवढी वर?’ हो म्हणा. हात वर केला तरी शर्ट बाहेर येत नाही, बसताना पोटाला पट्टा रुतत नाही आणि उंची जास्त दिसते. आपल्या उन्हाला लिनन किंवा जाड सुती कापड घ्या.

नजर तयार करायची असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सुटातले फोटो निरखून पाहा. ज्या समाजाला चांगलं कापड अंगावर घालायचीही मनाई होती, त्यातल्या माणसाने किती विचारपूर्वक कपडे घातले! जुन्या पोशाखाबद्दलचा माझा आदर तिथून आला आहे.

आता हॅट. कान आणि भुवया यांच्या जरा वरून टेप फिरवून डोक्याचं माप घ्या. ५८ सेंटिमीटर म्हणजे इंची मापात साधारण सव्वासात नंबर. बोटभर कडेची हॅट पार्टीतली वाटते, कड ६ सेंटिमीटरच्या पुढेच हवी. उन्हाळ्यात पनामा (पानांच्या धाग्यांची हलकी हॅट) घाला. ती इक्वेडोरमध्ये हाताने विणतात (या विणकामाला २०१२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं) आणि विणीतून वारा खेळतो. थंडीत फेल्टची, म्हणजे केस किंवा लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची. सशाच्या केसांची महाग पडते, पण लोकरीची पावसात लवकर आकार सोडते.

आपल्याकडे एक घोळ होतो. आजोबांच्या पिढीत बोडक्या डोक्याने बाहेर पडणं अशुभ मानत, टोपी चारचौघांतही डोक्यावरच राहायची. हॅटची रीत उलटी आहे: कुणाच्या घरी, ऑफिसात, जेवताना ती काढायची. देवळात तर पायरीवरच काढा. थिएटरमध्ये मागच्याचा विचार करा. दुचाकीवर अर्थातच हेल्मेट.

हॅट उचलताना वरच्या भागाला पुढे जी चिमटी पडलेली असते तिला धरू नका, सगळे तिथेच धरतात आणि फेल्ट तिथेच फाटते. कडेला धरा. घरी उलटी ठेवा, म्हणजे कड सपाट होत नाही. पावसात सापडलात तर आतली चामड्याची पट्टी बाहेर उलटवा आणि हॅट त्या पट्टीवर उभी करून सावलीत, पंख्याखाली वाळू द्या. ड्रायर अजिबात लावू नका, चामडं आकसतं आणि मग हॅट डोक्यात जात नाही.