तबकडीचे रंग म्हणजे विविधता नव्हे

सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू जमवलेल्या मनगटी घड्याळांची यादी वाचली. बहुतेक सगळ्या एचएमटी जनता, फरक फक्त तबकडीच्या रंगाचा! आत मशीन तेच, ताशी १८,००० ठोक्यांचं. याला ढीग म्हणतात रे.

मी तुझ्या जागी असतो तर वेळ मोजण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा जमवल्या असत्या. चावीचं घड्याळ तुझ्याकडे आहेच. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला कारखाना काढला, त्यातलीच ही जात. जोडीला एक ऑटोमॅटिक घे, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं. सेको फाइव्ह चालेल, पण त्यातली बरीच जुनी मॉडेलं चावी देऊन भरत नाहीत, मनगट हललं तरच चालतात. मग क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं. त्यातला स्फटिक हल्ली बहुधा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. १९६९ च्या डिसेंबरात सेकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडच्या भल्याभल्या कारखान्यांना टाळं लागलं. आपल्याकडचं घ्यायचं तर टायटन एज बघ. शेवटी साधं, आकडे दाखवणारं डिजिटल कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. लोक नाकं मुरडतील, मुरडू देत.

जुनं घेताना मात्र डोळ्यांत तेल घाल. फोटोत झळाळणाऱ्या कित्येक स्विस फेवर ल्यूबा आणि सेकोंच्या तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात. परदेशातले शौकीन अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. भिंगातून अक्षरं बघ. छपाई पसरट आहे का, मिनिटांच्या रेघा वाकड्या पडल्यात का? भडक केशरी किंवा पोपटी तबकडी कंपनीने कधी काढली तरी होती का, तेही शोध. अंधारात चमकणाऱ्या फार जुन्या काट्यांवर रेडियम असू शकतं, ते घरी खरवडत बसू नकोस.

आपल्या गावात आणखी एक प्रश्न विचारायचाच: २०१९ च्या महापुरात हे घड्याळ कुठे होतं? भिजलेलं घड्याळ वरून पॉलिश केलं की नव्यासारखं दिसतं. झाकण उघडून दाखवायला जो काचकूच करील त्याच्याकडून घेऊ नकोस. स्क्रूच्या डोक्यांवर किंवा चावीच्या दांड्यावर तांबूस गंज दिसला, तर ते फुकट मिळालं तरी महागच. दांडा बदलता येतो, पण गंज आतल्या चाकांपर्यंत गेला की एकेका सुट्या भागासाठी दारोदार फिरावं लागतं.

आणि आजोबांच्या एचएमटी सोनाची तबकडी डागाळली म्हणून रंगवून घ्यायचं म्हणतोस, ते मला पटलेलं नाही. नुसतं ऑइलिंग करून घे आणि तबकडीला हात लावायचा नाही असं बजावून सांग. गणपती पेठेत माझ्या ओळखीचे घड्याळजी आहेत, पण ते दुपारी दुकान बंद ठेवतात. सकाळीच ये.

तुझा,
काका