तीन वर्षांच्या मुलीला ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ कसं वाचून दाखवायचं?

एरिक कार्लचं हे पुस्तक १९६९चं आहे, मजकूर अगदी थोडा. इंग्रजी ओळी वाचत बसू नका. चित्रावर बोट ठेवून सरळ मराठीत सांगा. पानांना खरी भोकं आहेत, त्यात तिला बोट घालू द्या. घाई करून पान उलटलं तर अर्धी मजा तिथेच गेली. शुक्रवारी अळी पाच संत्री खाते. नागपूरच्या लेकराला त्या पानावर वेगळं काही समजवावं लागत नाही! शनिवारी केक, आइस्क्रीम असलं काहीबाही खाऊन तिचं पोट दुखतं, ते पोरांना सगळ्यात आवडतं.

पण माझ्या मते खरी गंमत पुस्तकाबाहेर आहे. पावसाळ्यात अंगणातल्या गोडलिंबाच्या (कढीपत्त्याच्या) किंवा लिंबूच्या झाडावर पानं उलटून बघा. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढते आणि वासही सोडते. संत्र्याच्या बागांत हीच कीड म्हणून ओळखली जाते, हे मुलीला आत्ताच सांगायची गरज नाही. अळी बरणीत ठेवलीत तर तोंडाला जाळीचं कापड बांधा, रोज त्याच झाडाची ताजी पानं द्या आणि एक काडी उभी ठेवा, कोष त्यावर होईल. औषध मारलेली पानं मात्र नकोत. फुलपाखरू निघालं की पंख वाळेपर्यंत हात लावू देऊ नका.