तो फोन वाजवला कोणी?

साखळीहून एक आई लिहिते: मुलगा नववीत, शाळा डिचोलीला, येणं-जाणं कदंबाने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने. तासाला मोबाईल वाजला म्हणून बाईंनी काढून घेतला. आता पालकांनी येऊन न्यावा, असा निरोप आलाय. 'बस चुकली तर पोरानं करायचं काय? शाळेची ही दादागिरी नाही का?'

ताई, शाळेवर तुम्ही दोन पानं लिहिलीत. मी अडकले ती कंसातल्या एका ओळीत: 'मी मधल्या सुट्टीत जेवला का एवढंच विचारते, त्या दिवशी सुट्टीची वेळ बदललेली मला काय ठाऊक!' म्हणजे भर तासाला वाजला तो तुमचा कॉल. आणि पोरानं बाईंना ते सांगितलंही नाही.

अहो, जेवला असेल. नसेल तर दीड वाजता घरी येऊन दुप्पट जेवेल. उडालेलं लक्ष परत अभ्यासावर यायला 20 मिनिटांपर्यंत लागू शकतात, असं युनेस्कोचा 2023 चा अहवाल सांगतो. तास असतो जेमतेम 35-40 मिनिटांचा, आणि घंटी ऐकतो अख्खा वर्ग.

सोमवारपासून फोन घरी. शाळेच्या वेळेत तुम्ही कॉल करायचा नाही.

बसची काळजी मात्र खरी आहे. आज रात्री त्याला तुमचा नंबर न बघता म्हणायला सांगा. 'आई' म्हणून सेव्ह असला की पोरांना दहा आकडे पाठ नसतात. येईपर्यंत रोज विचारा. तुमचा, बाबांचा आणि शाळेच्या ऑफिसचा नंबर कागदावर लिहून बसच्या पासामागे घाला. कंपासपेटी वर्गात राहते, पास राहत नाही. बस चुकली तर ऑफिसात परत जाऊन तिथून फोन करायचा, कोणाच्या स्कूटरवर बसायचं नाही. गृहपाठाचा ग्रुप तुमच्या नंबरवर घ्या.

शाळेनं लेखी परवानगी दिली तरच साधा कीपॅड फोन द्या. कपाटातला जुना काढाल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, ते टू-जीवर चालतच नाही. फोर-जी कीपॅड लागेल. आणि दप्तरात तो बंद हवा. सायलेंटवर ठेवला तर बाकावर थरथरतो आणि सगळ्यांना कळतं.

फोन आणायला जाताना मुलाला सोबत न्या. त्याच्यादेखत बाईंना सांगा, कॉल माझा होता. भांडायचंच असेल तर त्यानंतर भांडा.