पेट्रोलवर मख्खन, गॅसवर धक्के? रिड्यूसरला हात लावायच्या आधी प्लगचा गॅप मोजा

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि माझंच जुनं दुखणं कुणीतरी परत सांगतंय असं वाटलं. चार सिलिंडरची सीएनजी पिकअप, रिकामी असली की ठीक, पेट्रोलवर तर मख्खन, पण माल भरून गॅसवर चढाला लागली की धक्के. स्पार्क प्लग वर्षभरापूर्वीच बदललेत, आणि आता सर्व्हिसवाले रिड्यूसर, म्हणजे टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणारा भाग, बदला म्हणतायत. जरा थांबा. अजून पैसे देऊ नका.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. चौदा वर्षं माल वाहतोय, तेवढ्यावरच बोलतोय. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः पाना लावू नका, त्यांच्याकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून.

माझी चूक अशी. प्लग मी स्वतः आणले. काउंटरवरच्या पोराने जुना प्लग हातात घेतला, आटे बघितले आणि "सेम आहे" म्हणून चार डब्या ठेवल्या. जुन्यावर नंबर होता बीकेआर६ई. नव्यावर बीकेआर६ई-११. ते शेवटचं -११ म्हणजे बॅच नंबर असेल असं मी समजलो! एनजीके या प्लग कंपनीच्या नंबरात त्याचा अर्थ गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती दोन टोकांमधली फट, १.१ मिमी. माझ्या गाडीच्या पुस्तकात गॅप ०.७ ते ०.८ लिहिलाय. बाकी सगळं खरंच सेम होतं, म्हणून प्लग छान बसले आणि गाडीही छान चालली. सुरुवातीला.

गॅसला ठिणगी द्यायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त तितकं ते आणखी वाढतं, आणि दाब कधी जास्त असतो, तर माल भरून चढाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना. त्यात गॅप मोठा असेल तर ते व्होल्टेज बनवणारी कॉइल बिचारी पुरी पडत नाही, ठिणगी चुकते. तोच प्लग पेट्रोलवर निभावून नेतो. म्हणून "पेट्रोलवर ठीक आहे म्हणजे गॅसकिटचाच प्रॉब्लेम" हा हिशोब ऐकायला बरोबर वाटतो, पण तिथेच सगळे फसतात. मी फसलो, आणि ज्यांचं कामच हे आहे तेही फसले.

मार्केट यार्डातून किराणा भरून साताऱ्याकडे निघालो होतो. खंबाटकी चढताना दुसऱ्या वळणाला गाडीने असे हिसके दिले की मागची तेलाच्या डब्यांची थप्पी सरकली. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. त्यांनी स्कॅनर लावला. "कोड काही दाखवत नाही." मी म्हटलं, भरलेल्या गाडीला होतं, रिकामी घेऊन काय दाखवणार? तर ट्रायल रिकामीच घेतली, तीही सपाट रस्त्यावर. बिलात "इंजेक्टर क्लीनिंग". आठ दिवसांनी परत धक्के, एक कॉइल बदलली. ती खरंच गेली असेलही, सतत जास्त ताण पडला की कॉइल जाते. पण का गेली हे कुणी विचारलं नाही. तिसऱ्या खेपेला रिड्यूसर. सगळं मिळून चौदा हजारांच्या वर गेले, भाडी बुडाली ती वेगळी. तीन वेळा गाडी आत घेतली आणि एकदाही प्लग बाहेर काढून गॅप मोजला नाही. बिलावर मात्र प्रत्येक वेळी "प्लग चेक – ओके".

शेवटी शिरवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सीट उचलली, खालच्या इंजिनातला प्लग काढला, डोळ्यासमोर धरला आणि काही न बोलता फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, काढलं. १.३ मिमी! अठरा हजार किलोमीटरमध्ये टोक झिजून गॅप आणखी वाढला होता. मग त्याने पांढऱ्या चिनी मातीवर नख फिरवून दाखवलं. वरून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती. ठिणगीला गॅप ओलांडता येईना, म्हणून ती बाहेरून पळत होती. ही रेघ दिसली तर प्लगसोबत वरचं रबरी बूटही बदला. बूटाला आतून तसाच माग पडलेला असतो आणि नवा प्लगही तो लवकरच खराब करतो.

आता निवडीबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. गाडीच्या पुस्तकातला नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. आटे जुळले म्हणजे प्लग जुळला असं नसतं. हीट रेंजचा, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर सोडतो त्याचा, आकडा प्लगची कंपनी बदलली की उलटू शकतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये मोठा म्हणजे गरम. त्यामुळे "सहाला सहा" करू नका, तक्ता बघा. इरिडियमचा, म्हणजे त्या धातूच्या बारीक टोकाचा, प्लग लावायलाच हवा असं मला वाटत नाही. साधा निकेलचा प्लग वेळेवर बदलला तर गॅसलाही चालतो. पण गाडीच्या कंपनीने इरिडियमच दिला असेल तर स्वस्तातला टाकू नका. आणि इरिडियमच्या सुईसारख्या टोकाला नाण्यासारखं गोल गेज घुसवून गॅप वाढवायचा प्रयत्न तर अजिबात नको, टोक उडतं.

डबीवर गॅप सेट लिहिलेला असला तरी चारही मोजा. वाटेत आपटलेला एखादा निघतोच. कमी करायचा असेल तर वरची वाकडी पट्टी लाकडी फळीवर अलगद ठोका, मधल्या टोकाला धक्का नको. ०.२ मिमीपेक्षा जास्त हलवावं लागत असेल तर तो प्लग तुमचा नाही, परत करा. म्हणजे माझा १.१ चा प्लग ठोकून ०.८ करणंही चूकच होतं. नंतर तेही मी केलंय, असो.

बसवायचं सगळ्यांना माहीत आहे, तरी दोन गोष्टी. इंजिन पूर्ण थंड असू द्या आणि प्लग काढायच्या आधी पंक्चरवाल्याकडून प्लगच्या खड्ड्यात हवा मारून घ्या, नाहीतर खडी थेट सिलिंडरमध्ये. नवा प्लग जुन्या पेट्रोल पाइपच्या तुकड्यात अडकवून हातानेच फिरवा. आटे तिरके धरले तर पाइप घसरतो, हेड वाचतं. वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. हा हिशोब नव्या, वॉशरवाल्या प्लगचा. ग्रीस, तेल काही लावू नका, त्याने जास्त आवळला जातो.

रिड्यूसर कधी खराब होतच नाही असं मी म्हणत नाही. प्लग नीट असूनही धक्के राहिले तर मग तिकडे बघा, आणि गॅस फिल्टरपासून सुरू करा, तो स्वस्त असतो. पण आधी तुमच्या प्लगवरचा पूर्ण नंबर आणि चारही गॅप इथे टाका. आणि हो, सीट परत बसवताना खालची वायर चिमटत नाही ना बघा. माझी चिमटली होती.