किल्ली पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तिथेच ती सापडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन आकड्यांची किल्ली घ्यायची, त्या आकड्यांइतकं एकेक अक्षर पुढे सरकवायचं, किल्ली संपली की पुन्हा पहिल्या आकड्यापासून. ही गुप्त लिपी फुटेल का, म्हणजे किल्ली नसताना कुणाला वाचता येईल का, आणि अभ्यास कुठून सुरू करू?

फुटेल. पण खट्टू होऊ नका. तुम्ही स्वतः विचार करून जिथे पोचलात, तिथे १५५३ मध्ये इटलीचा जोव्हान बत्तिस्ता बेल्लासो पोचला होता. नाव पुढे फ्रान्सच्या व्हिजनेअरचं चिकटलं, त्याची स्वतःची पद्धत वेगळी आणि जास्त पक्की असूनही. बेल्लासोवर हा अन्यायच झाला, असं मला वाटतं. पुढे लोक हिला 'न उकलणारी लिपी' म्हणायचे.

आता कागद-पेन्सिल घ्या. क ते ळ व्यंजनं ओळीने लिहा, किल्ली ३-१-४ धरा. 'बदल' या शब्दात ब तीन घरं सरकून य होतो, द एक घर सरकून ध, ल चार घरं सरकून स. झालं 'यधस'. तोच शब्द पुढे किल्लीच्या दुसऱ्या आकड्यापाशी आला तर 'भफष' होतो. इथवर छान लपलं. पण लांब मजकुरात 'बदल' पुन्हा कधीतरी पहिल्याच आकड्याखाली येणार, आणि पुन्हा 'यधस'च उमटणार. समजा तो पहिल्या, तेराव्या आणि चौतिसाव्या जागी आला. अंतरं १२ आणि २१. दोघांनाही भाग जातो तो ३ ने. किल्लीची लांबी हाती लागली!

मग मजकूर तीन रकान्यांत मांडायचा. प्रत्येक रकान्यातली सगळी अक्षरं सारखीच सरकलेली असतात, आणि तसली लिपी कशी फोडायची हे नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवलंय: कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा आणि त्या भाषेतल्या नेहमीच्या प्रमाणाशी ताडून पाहा. अंतरांची युक्ती प्रशियाचा लष्करी अधिकारी कासिस्की याने १८६३ मध्ये छापली. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजला ही लिपी त्याआधीच फोडता आली होती, पण त्याने ते प्रसिद्ध केलं नाही.

उदाहरणाला मी तीन अक्षरांचा शब्द घेतला, पण दोन-तीन अक्षरांचे तुकडे योगायोगानेही जुळतात, त्यांच्या मागे लागू नका. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा अशाच एका जोडीपायी अख्खी संध्याकाळ चुकीची लांबी धरून रकाने पाडत होतो. आधी लांब तुकडे शोधा.

किल्ली संदेशाइतकी लांब, पूर्णपणे यादृच्छिक आणि एकदाच वापरलेली असेल, आणि गुप्तही राहिली असेल, तर मात्र लिपी फुटत नाही. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननने हे गणिताने सिद्ध केलं, तो निबंध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. 'एकदाच' ही अट मोडली तर काय होतं? सोव्हिएत संघात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात किल्ल्यांची काही पानं दोनदा छापली गेली, आणि अमेरिकेच्या व्हेनोना प्रकल्पात त्यांचे हजारो संदेश पूर्ण किंवा अर्धवट उलगडले.

अभ्यासाची सुरुवात फोडण्यापासून करा. कुणाकडून तरी चार-पाचशे अक्षरांचा मजकूर तुमच्याच पद्धतीने लिहून घ्या. पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच, किल्ली तेवढी विचारू नका.