टीबीला एकाच वेळी चार औषधे कशासाठी?

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या मुलाला फुप्फुसाचा टीबी झाला असून दीड महिन्यापासून चार औषधांची एकत्रित गोळी सुरू आहे. ताप गेला, वजनही वाढले. मात्र लघवी नारिंगी होते आणि जेवण नकोसे वाटते. आता एकच प्रभावी औषध चालू ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चालणार नाही, आणि त्याचे कारण जंतूंच्या संख्येत आहे. फुप्फुसात पोकळी झाली असेल, तर तिच्यात दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. गोळीतील चार औषधांपैकी आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक आणि रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक, असे औषध सुरू होण्याआधीच आपोआप निपजलेले असतात. म्हणून एकटे आयसोनियाझिड दिले, तर बाकीचे मरून हे शंभरेक जंतू फोफावतात. दोन्ही औषधांना पुरून उरणारा जंतू मात्र शंभर लाख कोटींत एखादा, आणि एवढे जंतू शरीरात नसतातच.

वैद्यकशास्त्राला हे ठेच लागूनच कळले. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्ट्रेप्टोमायसिन घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. पण बहुतेकांचे जंतू त्या एकट्या औषधाला निर्ढावले आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतील मृत्यूंत फारसा फरक उरला नाही.

उरलेली दोन औषधेही भरतीची नाहीत. पायराझिनामाइड आम्लयुक्त जागी सुस्त पडलेल्या जंतूंना मारते, त्यामुळेच उपचार सहा महिन्यांवर आणता आले. जंतू मुळातच आयसोनियाझिडला निर्ढावलेले असतील, तर रिफाम्पिसिन एकटे पडू नये म्हणून एथाम्बुटॉल असते. सर्वसाधारणपणे दोन महिन्यांनी पायराझिनामाइड थांबवतात व बाकीची तीन पुढे चार महिने देतात. तो निर्णय डॉक्टरांचा.

नारिंगी लघवी रिफाम्पिसिनमुळे होते, तिची काळजी नको. जेवण नकोसे वाटणे मात्र मी सहजी सोडून देणार नाही, कारण यांतील तीन औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांना सांगून रक्ततपासणीविषयी विचारावे. उलट्या होऊ लागल्या, डोळे पिवळे दिसले किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईनासा झाला, तर त्याच दिवशी दाखवावे.